शिशावरचा घट

“मला नगं ती खुर्ची. मी ऱ्हाते दाराशी हुबी. एवढी मान्सं आल्याती, चपला घालून कोन आत घुसला तर?”

“कोन घुसतंय, मावशी? आज समदं भायेर हाय, मांडवात. खोलीला कुलूप घातलंय म्या. आन तुजं नाव यादीत हाय. पैल्या रांगंत बसायचं.”

“कशापाई?”

“साडी, नारळ, आन…” हौशीरामनं इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. “कागद. वर्तकसाहेबांच्या पाकिटात बघितला म्या. आजपासून तू रोजंदारीची न्हाईस. कायम!”

पुतळाबाई मग गुमान खुर्चीवर बसली. पण बसली ती टोकावर, कोणी उठ म्हटलं तर लगेच उठता यावं अशी.

वलवणच्या धरणाच्या वरच्या अंगाला, वाडीच्या वाटेवर, पत्र्याच्या छपराची एक बसकी दगडी खोली होती. पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं ती छप्पन साली बांधली. आभाळातून फार लांबून काहीतरी येतं, आपल्या हवेवर आपटतं, आणि त्यातून न्यूट्रॉन नावाचे कण खाली झडतात. ते दिसत नाहीत, अंगावर पडले तरी कळत नाहीत. ते मोजायचं काम त्या खोलीत चालायचं. मधोमध बाजेएवढा शिशाच्या विटांचा ढीग, कंबरेइतका उंच. विटांच्या पोटात मेणाच्या वड्या, मेणात लांब नळ्या. ढिगावर एक फळी आणि फळीच्या डोक्याशी एक लाल दिवा. तासातासाला यंत्र कागदाच्या पट्टीवर आकडा उठवायचं.

त्या विटा खालच्या रस्त्यावरून डोंगरावर चढवल्या त्या पुतळाबाईच्या नवऱ्यानं, कान्हूनं. वीट दिसायची हातभर, पण उचलली की मानेचा काटा ढिला करायची. कान्हूला त्याबद्दल राखणदारी मिळाली. पुतळाबाईला झाडलोट, खोलीतली शेगडी बघणं आणि कागदाची गुंडाळी बदलणं. कान्हू पुढं सहा वर्षांत गेला, तेव्हा राखणदारीही तिच्याच गळ्यात आली. लेक बाया भाजे गावाला दिलेली. वर वाडीत वरईचा एक तुकडा, तो पावसाळ्यापुरता. बाकी बाईचं जे काय होतं ते ह्या खोलीवर होतं, आणि तेही रोजावर. साहेबाच्या मनात आलं की बंद.

हौशीराम परंदवडीचा. सातवी झालेला, म्हणून नोंदवहीवर नेमला. मुक्काम लोणावळ्याच्या बाजारात, तिथून रोज सकाळी सायकल हाणत यायचा. वहीत रकाने होते. वेळ, खोलीतली ऊब, हवेचा दाब, पाऊस. शेवटचा रकाना ‘असाधारण घटना’. त्यात तो लिहायचा, ‘माकडे पत्र्यावर नाचली.’ ‘वीज दोन तास गेली, बॅटरीवर चालले.’ ‘ओट्यावर बिबट्याची पावले.’ महिन्यातनं एकदा पुण्याची जीप यायची, दारातूनच आकड्यांच्या पट्ट्या घेऊन जायची. वही कपाटातच राहायची. माकडांचं पुण्याला काय करायचं?

तर आज, शहात्तर सालच्या मार्गशीर्षात, खोलीला वीस वर्षं झाली म्हणून मांडव पडला होता. पुण्याची मोटार आली, मुंबईची आली. मुंबईचे एक बडे पाहुणे मधल्या खुर्चीत बसले. आणि मांडवाच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत नऊवारी लुगड्याएवढा कागद ताणून बांधला होता. त्यावर काळी रेघ. वीस वर्षांचं न्यूट्रॉन त्या रेघेत होतं.

खोलीतलं संशोधन ज्यांचं, ते वर्तकसाहेब बोलायला उठले. खोली सुरू झाली तेव्हा हा माणूस काळ्याभोर केसांचा पोरगेला होता. आता केस पांढरे झालेले, चष्मा जाड. हातात छडी घेऊन ते रेघेवरनं चालायला लागले. इथं सूर्यावर वादळ झालं, इथं आकडा पडला. इथं चढला. पुतळाबाई ऐकत होती आणि नव्हतीही. तिचं लक्ष टेबलावरच्या पाकिटावर होतं.

“आता ही खाच बघा,” साहेब म्हणाले. छडी एका जागी थांबली. “दरवर्षी पावसाळा सरत आला, अमावास्या झाली, की दुसऱ्या दिवसापासून आकडा घसरायला लागतो. पहिल्या दिवशी एक मोठी पायरी. मग रोज थोडी थोडी. नऊ दिवस. आणि दहाव्या दिवशी एकदम उडी मारून पहिल्या जागी. कधी सप्टेंबरात, कधी ऑक्टोबरात. तारीख पुढंमागं होते, अमावास्या चुकत नाही. जगात इतकी केंद्रं आहेत, कुठंही ही खाच नाही. फक्त आपल्या वलवणला आहे.”

मांडवात टाळ्या पडल्या. वलवणची माणसं मागं उभी होती, त्यांनी जास्तच वाजवल्या. आपल्या गावाला काहीतरी आहे आणि दुसऱ्याला नाही, एवढं त्यांना पुरे होतं.

पुतळाबाईनं मात्र पाकिटावरची नजर काढली आणि कागदावर लावली. अमावास्येचा दुसरा दिवस. नऊ दिवस रोज थोडं. दहाव्या दिवशी उचललं. तिनं पदराखाली बोटांवर दिवस मोजले.

“वीस वर्षांत ही खाच फक्त दोनदा पडली नाही,” साहेब सांगत होते. “बासष्ट साली आणि एकाहत्तर साली. का, ते कोडं आहे.”

पुतळाबाईला अक्षरओळख नव्हती, पण ही दोन सालं तिला पाठ होती. कान्हू वारला ते बासष्ट. कचेरीत तिला ते दहा वेळा सांगावं लागलं होतं. भादव्याची वद्य त्रयोदशी. घरात सुतक, त्या साली घट बसलाच नाही. आणि एकाहत्तरला वाडीच्या उतारावरनं घसरून तिचा पाय मोडला. अख्खं नवरात्र तळेगावच्या दवाखान्यात, पाय वर टांगून.

आता घटाचं सांगितलं पाहिजे.

नवरात्रात वाडीत घरोघर घट बसतो. पाटीत शेताची काळी माती घ्यायची, त्यात धान्य पेरायचं, मधोमध पाण्यानं भरलेला गाडगा ठेवायचा, वर रोज एक माळ सोडायची, रोज मातीला पाणी घालायचं. आणि शेजारी दिवा. तो दिवा नऊ दिवस विझता कामा नये. हीच खरी गोम. वलवणच्या वरचं वारं असं, की कुडाच्या भिंतीतनं शिरून चुलीतला विस्तव उडवून नेतं. छप्पनच्या नवरात्रात पाचव्या माळेला पुतळाबाईचा दिवा विझला. सासूनं तिला वर्षभर त्याचं ऐकवलं. गाय आटली, दिवा. पोरीला ताप आला, दिवा. कोंबडी मुंगसानं नेली, तीसुद्धा दिव्यामुळंच.

पुढच्या वर्षी पुतळाबाई खोलीत कामाला लागलेली. तिनं बघितलं. इथं चपला बाहेर काढायच्या. पाय धुऊन आत यायचं. मोठ्यानं बोलायचं नाही. ढिगाला हात लावायचा नाही. खोली बारा महिने ऊबदार. आणि एक लाल दिवा, रात्रंदिवस जळणारा. साहेबांनी बजावून सांगितलेलं, “बाई, काय वाटेल ते होवो, हा दिवा विझता कामा नये. विझला की लगेच कळवायचं.” वीज गेली तर दिवा जाऊ नये म्हणून खाली बॅटऱ्यांची रांग मांडलेली.

तिनं मनाशी ताळा जुळवला. ही पुण्याची माणसं आपल्याचसारखी आहेत. आपण नऊ दिवस पाळतो, हे बाराही महिने पाळतात. मग घट दुसरीकडं कशाला? तिनं विटांना बोटसुद्धा लावलं नाही. वरच्या फळीवर, लाल दिव्यासमोर पाटी ठेवली. उबेनं धान असं तरारलं, की दसऱ्याला वाडीतल्या बाया बघायला आल्या. त्या वर्षी सासू पहिल्यांदा गप्प बसली.

तेव्हापासून दर साली.

इकडं मांडवात मुंबईचे पाहुणे उठले होते. “वर्तकांनी नम्रपणे सांगितलं नाही, पण मी सांगतो,” ते म्हणाले. “हे नऊ दिवस म्हणजे आपलं नवरात्र! आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं. या दिवसांत आकाश बदलतं, म्हणून उपवास सांगितला. आज यंत्रानं ते सिद्ध केलं. चंद्र आणि सह्याद्री यांचा हा संबंध आता सगळ्या जगात वर्तकांच्या नावानं ओळखला जाईल. परदेशातल्या मासिकात लेख छापून आला आहे!”

टाळ्याच टाळ्या. आणि त्या टाळ्या थांबता थांबता पहिल्या रांगेतनं आवाज आला.

“चांदाचं काय त्यात? पानी तर म्या घातलं.”

ती मनाशीच बोलली होती. निदान तिला तसं वाटलं होतं. पण वीस वर्षं यंत्राच्या घरघरीवर बोलायची सवय झालेला आवाज तो, मांडवाच्या शेवटाला गेला. बाईनं स्वतःच दचकून तोंडाला पदर लावला. हौशीरामनं डोळे मिटले.

“काय म्हणालात, पुतळाबाई?” वर्तकसाहेबांनी विचारलं. हसतच विचारलं.

“काय न्हाई.”

“नाही, बोला. पाणी कशाला घातलं?”

हौशीराम मागनं कुजबुजला, “मावशी, आदी कागद घे. मग काय ते बोल.”

पण आता ती उठली होती. “घटाला घातलं. तुमच्या त्या ढिगावर घट बसिवते मी नवरात्रात. रोज दोन वंजळी पानी. धाव्या दिशी उचालते. बासष्टला सुतक व्हतं, एकाहत्तरला मी पाय मोडून पडलेले. म्हून त्या दोन सालाला तुमची ती खाच न्हाई.”

मागच्या बाजूला एक शेळी ओरडली, ती तेवढी ऐकू आली. साहेबांच्या हातातली छडी कागदाला टेकलेलीच होती. त्या टोकानं हळूहळू कागद फाटत खाली आला, आणि त्यांना ते कळलं नाही.

“कशावर बसवता?” ते म्हणाले.

“वरच्या फळीवर. शिशाला न्हाई लावला हात. वर ठिवनं आन आत घालनं ह्यात फरक हाय का न्हाई?”

“हौशीराम!” साहेब ओरडले. वीस वर्षांत ते कधी ओरडले नव्हते. “तुम्ही रोज येत होता. तुम्ही बघितलं?”

“व्हय, साहेब. मी पाया पडून मगच आकडं लिव्हाया बसायचो.”

“मग वहीत का नाही लिहिलं? असाधारण घटना म्हणून रकाना कशाला ठेवलाय?”

हौशीराम खरोखर गोंधळला. “नवरात्रात घट बसला, ह्यात असाधारण काय, साहेब?”

मग त्यालाच काहीतरी आठवलं. तो कुलूप काढून आत पळाला आणि कपाटातनं दोन वह्या घेऊन आला. त्यातली पानं उघडून साहेबांपुढं धरली. बासष्ट साल, शेवटचा रकाना, शाईनं ठसठशीत लिहिलेलं, ‘यंदा पुतळाबाईंचा घट नाही.’ एकाहत्तर सालच्या वहीत तेच. ‘यंदा घट नाही. बाई दवाखान्यात.’ घट न बसणं हीच त्याच्या लेखी असाधारण घटना होती, आणि ती त्यानं इमानदारीनं नोंदवली होती.

वर्तकसाहेबांनी ती दोन पानं वाचली. पुन्हा वाचली. मग खुर्ची मागं आहे का हे न बघताच खाली बसले. नशिबानं होती.

मुंबईच्या पाहुण्यांना एकाएकी दुसरं काम आठवलं. त्यांची मोटार धुरळा उडवीत उतरून गेली, पूर्वजांसकट. पुण्याच्या कचेरीचे एक अधिकारी लालबुंद होऊन म्हणाले, “वीस वर्षांचं वाटोळं केलं ह्या बाईनं! आत्ताच्या आत्ता काढा हिला!” आणि त्यांनी टेबलावरचं पाकीट उचलून आपल्या कोटाच्या खिशात घातलं. पुतळाबाईनं ते बघितलं. साडी आणि नारळ तिथंच राहिले. त्यांना कोणी हात लावला नाही.

“थांबा,” वर्तकसाहेब म्हणाले. आवाज असा, की दुसऱ्याच कोणाच्या तोंडातनं आल्यासारखा. “आधी मोजू. पाण्यात न्यूट्रॉन अडतात, पण एका पाटीत किती? पुतळाबाई, तो घट आत्ता बसवून दाखवा.”

“मार्गशीर्षात?” बाईचे डोळे मोठे झाले. “आवो, काय बोलता! घट काय अवेळी बसतो व्हय? देवी काय तुमच्या घरची मोलकरीन हाय, हाक मारली की यायाला?”

साहेब बघतच राहिले. हिची भाकरी जायची वेळ आली होती, आणि ही नको म्हणत होती.

“मग नुसती माती,” ते हळूच म्हणाले. “देवी नको. नुसती ओली माती आणि पाणी.”

पुतळाबाईनं विचार केला. “नुसती माती चालंल. माती काय, बांधावर बी असती. पर गाडगा न्हाई ठिवायचा. तांब्या ठिवू.”

दोन दिवस खोलीत ओल्या मातीची पाटी राहिली. फूल नाही, माळ नाही, धान नाही. पुतळाबाई सकाळी दोन ओंजळी पाणी घाली आणि लगेच मागं होई, आपण काहीतरी भलतंच करतोय अशा चेहऱ्यानं. वर्तकसाहेब लोणावळ्याला उतरले नाहीत. स्टुलावर बसून पट्टीवरचा एकेक आकडा उतरवत राहिले. दाढी वाढली. हौशीरामनं आणलेला चहा निवून वर साय धरली. अधिकारी दर दोन तासांनी येऊन विचारायचे, “मग?” आणि साहेब पुढचा आकडा उतरवायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बेरीज पुरी केली. आकड्यात शंभरामागं एकाहून थोडी कमी घसरण. बरोबर खाचेच्या पहिल्या दोन पायऱ्यांएवढी. पेन्सिल त्यांनी खाली ठेवली, ती घरंगळत शिशाच्या विटांखाली गेली.

“माझी वीस वर्षं,” ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही.

“वीस न्हाई, साहेब. अठरा,” पुतळाबाई म्हणाली. “दोन साल घट न्हवता.”

हौशीरामला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण साहेब तिच्याकडं बघायला लागले, पहिल्यांदाच बघितल्यासारखे.

“दरवर्षी पाटी एवढीच असायची?”

“न्हाई. अडुसष्टला मोठी घेतली व्हती. बायाच्या लग्नाचा नवस व्हता. ह्याच्या दीडपट आसंल.”

साहेब उठले ते धावत मांडवात गेले, मागनं बाकीचे. मांडव अजून तसाच होता, कागद एका बाजूनं सुटून लोंबत होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी ताणला आणि अडुसष्ट सालावर बोट ठेवलं. त्या सालची खाच सगळ्यांत खोल होती. ह्याच खोल खाचेवर त्यांनी दोन पानं लिहिली होती, चंद्र त्या वर्षी किती जवळ होता ते दाखवायला.

“आणि चौसष्ट? चौसष्टला पाच दिवसांत वर आलाय आकडा.”

“ते धरनाच्या तिकडून भलं मोठं घुशीचं बिराड आलं व्हतं त्या साली. घट उकरला मेल्यांनी. मग माती टाकली भायेर आन नुसता गाडगा ठिवला.”

साहेब कागदाला धरून उभे. हसावं का रडावं ते त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं. मग ते अधिकाऱ्यांकडं वळले आणि हात पुढं केला. “ते पाकीट द्या.”

“अहो वर्तक, तुम्ही शुद्धीवर आहात का? हिला कायम करायचं?”

“परदेशात तीन ठिकाणी लिहून कळवावं लागणार. लेख मागं घ्यावा लागणार. वीस वर्षांचे आकडे नीट करायचे, तर कुठल्या साली किती माती, किती पाणी, कधी ठेवलं, कधी काढलं, हे लागणार. ते सगळं सांगणारं माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे. ते रोजावर ठेवून माझं भागणार नाही.”

अधिकाऱ्यांनी खिशातनं पाकीट काढलं. काढताना ते चुरगळलं होतं. वर्तकसाहेबांनी ते बाईच्या हातात दिलं. तिनं उघडून बघितलं नाही. वाचता कुठं येत होतं! पोलक्यात खोचलं.

“एक मात्र,” साहेब म्हणाले, “यापुढं या खोलीत घट नाही. माती नाही, पाणी नाही, फूलसुद्धा नाही.”

“मग कुटं बसवू?”

“तुमच्या घरी.”

“आन दिवा? माज्या घरात वारं हाय. तिथं टिकत न्हाई म्हून तर हितं आनला.”

साहेबांनी कपाळ चोळलं. “दिव्याचं बघू.”

“बघू न्हाई, साहेब. नवरात्राला धाच म्हैनं ऱ्हायल्यात. हितनं माज्या घरापातुर तार वढायला खांब लागत्याल चार. पावसात खड्डं खनता येत न्हाईत.”

अधिकारी काहीतरी बोलणार होते, पण साहेबांनी हौशीरामला सांगितलं, “लिहून घ्या. चार खांब.”

हौशीरामनं वही आधीच उघडलेली होती. तीन दिवसांत त्याचा शेवटचा रकाना भरून कडेच्या जागेत गेला होता. आता तो कसलाच भरवसा ठेवायला तयार नव्हता. ‘साहेबांनी चहा घेतला नाही.’ ‘कावळा खिडकीत.’ ‘अधिकारी रागावले.’ ‘खांब चार.’

“मावशी,” त्यानं मान वर न करता विचारलं, “तू आता काय करनार हाईस? म्हंजी लिव्हाया बरं.”

“लिव्ह. माती काढती,” पुतळाबाई म्हणाली.

खोलीत जाऊन तिनं तांब्या उतरवला, पाटी कंबरेवर घेतली आणि बाहेर बांधाला रिकामी केली. आत येताना पाय धुतले. फळीवर सांडलेले मातीचे कण ओल्या फडक्यानं टिपून घेतले, एकही शिशावर पडू दिला नाही. वर्तकसाहेब दाराशी चपला घालून उभे होते.

“साहेब, चपला,” ती म्हणाली.

त्यांनी मुकाट्यानं काढल्या. तोवर यंत्रातली पट्टी संपत आली होती. पुतळाबाईनं कपाटातनं नवी गुंडाळी काढली, जुनीचं टोक फाडलं आणि नवीचं टोक दातेरी चाकाखाली सरकवलं.